उंबरठ्याच्या आतले तीस हात

इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात बासीम, म्हणजे आजचे वाशिम, या नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालच्या पुनर्रचनेत तो मोडला, वाशिम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्यास व पुसद यवतमाळास जोडले गेले, आणि पुढे त्र्याण्णव वर्षांनी, १ जुलै १९९८ रोजी, वाशिमला आपले जिल्हेपण परत मिळाले. कोणत्याही नव्या जिल्ह्याच्या निर्मितीमागे मूळ हेतू हाच असतो की कचेरी रयतेच्या जवळ यावी, दाखल्यासाठी आणि तक्रारीसाठी माणसाला दिवसभराची मजुरी बुडवून परगावी जावे लागू नये. हा हेतू आज निराळ्या मार्गाने सिद्धीस जात आहे. सातबाऱ्याचा उतारा, पीक पाहणीची नोंद, पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षेचे प्रवेशपत्र, बाजार समितीतील सोयाबीनचा भाव, या सर्वांचे दप्तर आता तारेवाटे घरात येते. आणि म्हणून रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील एखादे कुटुंब जिल्ह्याच्या कचेरीपासून किती दूर आहे हे आता केवळ कोसांवर ठरत नाही, त्या घरातील इंटरनेटची जोडणी किती भरवशाची आहे यावरही ठरते.

या जोडणीविषयी सांगण्यासारखे मला एकच आहे, आणि ते आरंभीच सांगून टाकतो. घरातील इंटरनेट सुधारण्याचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात पैशाचा जितका समजला जातो तितका तो पैशाचा नाही. तो मुख्यतः ज्ञानाचा आहे, आणि हे ज्ञान घरोघर पोहोचवणे हे सार्वजनिक कर्तव्य मानले पाहिजे.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या बारा लाखांच्या जवळपास होती आणि त्यांतील पाचांपैकी चारांहून अधिक माणसे खेड्यांत राहत होती. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांची जी यादी जाहीर केली तीत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचा उस्मानाबाद यांच्या पंक्तीत वाशिमचेही नाव होते. अशा जिल्ह्यांसाठी शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू, म्हणजे फायबर, नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित स्वरूपाला १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद मिळून, तुटलेली तार दुसऱ्या बाजूने चालू राहावी अशी वर्तुळाकार रचना आणि दहा वर्षांची देखभाल या दोन्ही गोष्टी तिच्यात आल्या. परंतु शासनाचा हिशेब ग्रामपंचायतीच्या इमारतीपाशी संपतो आणि कंपनीचा हिशेब घराच्या पहिल्या भिंतीपाशी संपतो. तेथून आतल्या खोलीतील अभ्यासाच्या टेबलापर्यंत जे वीस-तीस हातांचे अंतर उरते, त्याचा धनी कोणी नाही. समृद्धी महामार्ग कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव यांच्या जवळून जातो. पण त्या रुंद रस्त्याचा लाभ गावाला किती होणार हे जसे गावापासून महामार्गापर्यंतच्या लहान रस्त्यावर अवलंबून असते, तसेच शेकडो कोसांवरून प्रकाशवेगाने आलेल्या तारेचे सार्थक या अखेरच्या तीस हातांत होते किंवा वाया जाते.

वाया कसे जाते ते पाहावे. संध्याकाळी मुलाचा ऑनलाइन वर्ग अडखळू लागला, की ‘नेट स्लो आहे’ हा निष्कर्ष निघतो. त्यातून एक तर अधिक वेगाचा, म्हणजे दरमहा दोन-तीनशे रुपये अधिक घेणारा प्लॅन घेतला जातो, नाही तर दुकानदाराने दाखवलेला चार-सहा अँटेनांचा नवा राउटर. या दोन्ही उपायांत एक गृहीत लपलेले आहे, की दोष कोठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे. आणि वस्तुतः तेच कोणी तपासलेले नसते. वैद्याने नाडी न पाहता मात्रा देऊ नये हे ज्यांना मान्य आहे, त्यांनी येथेही आधी मोजमाप आणि मग खर्च हा क्रम मान्य करावा. आणि या मोजमापाला पैसा लागत नाही.

कंपनीचा माणूस भिंतीवर जो डबा बसवून जातो, ज्याला कोणी मोडेम म्हणतात तर कोणी राउटर, त्याला एखादा लॅपटॉप तारेने जोडावा आणि वेग मोजावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे मायस्पीड नावाचे ॲप आहे, इतरही अनेक मोफत साधने आहेत. सकाळी, दुपारी आणि रात्री असे तीनदा मोजून आकडे वहीत लिहावेत. तारेवर वेग पुरा मिळत असेल आणि आतल्या खोलीत वायफायवर तो नाहीसा होत असेल, तर दोष घरातला आहे आणि महागडा प्लॅन घेऊन तो तसूभरही हलणार नाही. उलट तारेवरच वेग अपुरा असेल, विशेषतः रात्री आठ ते दहाच्या सुमारास पडत असेल, तर दोष बाहेरचा आहे, आणि अशा वेळी घरात कितीही भारी राउटर आणला तरी व्यर्थ. तेथे वहीतल्या आकड्यांसह लेखी तक्रार हाच उपाय. आणखी एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्लॅन दीडशे-दोनशे एमबीपीएसचा असून तारेवरचा वेग सदैव नव्वद-पंच्याण्णवापाशीच अडत असेल, तर डब्याचे अथवा लॅपटॉपचे पोर्ट शंभरापुरतेच आहे, नाही तर केबलमधील चार जोड्यांपैकी एखादी तुटली आहे, असे खुशाल समजावे; कारण शंभराला दोन जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात.

दोष घरातला ठरला, तर पहिला उपाय जागेचा आहे. आपल्याकडे हा डबा बहुधा दर्शनी दाराजवळ असतो, कारण केबल तेथून आत येते आणि बसवणाऱ्याला तेच सोयीचे असते. मग त्याच्या लहरींपैकी निम्म्या अंगणात आणि रस्त्यावर जातात, आणि उरलेल्यांना मातीच्या वा दगडी जाड भिंती, लोखंडी कपाट, पत्र्याचे आढे, पाण्याची टाकी एवढे अडसर ओलांडावे लागतात. धातू या लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते. वायफाय दोन मुख्य पट्ट्यांवर चालते: २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून बऱ्यापैकी पार होतो, पण त्यात परस्परांत न मिसळणारे मार्ग तीनच, म्हणजे १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण एका जाड भिंतीतच तो थकतो. हे दोन्ही पट्टे सामान्य माणसाला परवान्याशिवाय वापरता येतात, ही आपल्या शासनाने दिलेली मोठी सवलत आहे. पहिला २००५ साली खुला झाला, दुसऱ्याचा मोठा विस्तार ऑक्टोबर २०१८ मध्ये. परंतु जे सर्वांना खुले असते ते शेजाऱ्यांसह वाटून घ्यावे लागते, आणि म्हणून वाशिम शहरातील दाट वस्तीत जेथे दहा घरांचे डबे एकाच मार्गावर बोलत असतात, तेथे नुसता मार्ग बदलल्याने फरक पडू शकतो. डबा घराच्या मध्याकडे, डोक्याच्या उंचीला, उघड्या जागी आणि पत्र्याच्या तापापासून दूर असावा, एवढ्या एका नियमाने कित्येक घरांचे अर्धे काम विनाखर्च होईल.

दुसरा उपाय तारेचा. वायफाय आल्यापासून तार ही जुनाट वस्तू समजली जाऊ लागली, हा मोठा गैरसमज आहे. ‘कॅट ५ई’ जातीची साधी केबल शंभर मीटरपर्यंत एक हजार एमबीपीएसचा वेग बिनतक्रार वाहते, तिला भिंत आडवी येत नाही, शेजारी आडवा येत नाही, आणि एकदा नीट टाकली की वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहावे लागत नाही. घरात जी साधने जागची हलत नाहीत, म्हणजे टीव्ही, टेबलावरचा संगणक, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, ती सर्व तारेवर घ्यावीत. त्यांना लाभ होतोच, शिवाय त्यांनी अडवलेली हवा मोबाइलसाठी मोकळी होते. खरेदी करताना मात्र एक विचारावे: तार शुद्ध तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची? दुसरी स्वस्त मिळते, पण ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. तसेच एका घरातून गोठ्यावर किंवा भावाच्या शेजारच्या घरात तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये. मृगाच्या वादळांत कडाडणारी वीज अशा तारेतून दोन्हीकडची यंत्रे जाळू शकते. उघड्यावरून न्यायचीच तर प्रकाशतंतूची न्यावी, कारण काच वीज वाहून नेत नाही.

तिसरा उपाय जुन्या डब्याचा. पुष्कळ घरांत कंपनी बदलल्यानंतरचा एखादा राउटर माळ्यावर पडून असतो. त्याचा पत्ते वाटण्याचा अधिकार, म्हणजे डीएचसीपी, बंद करावा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य डब्याहून निराळा करावा, आणि मुख्य डब्यापासून आणलेली तार त्याच्या वॅनच्या नव्हे तर लॅनच्या पोर्टात खोचावी. मागच्या खोलीसाठी दुसरे वायफाय तयार झाले. भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा जो ‘एक्स्टेंडर’ दुकानात याच कामासाठी विकला जातो, तो स्वस्त असला की बहुधा एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलतो, त्यामुळे त्याच्यामागे वेग सुमारे निम्मा उरतो. जुना राउटर नसेल तर दोन्ही पट्ट्यांचा साधा राउटर दीड हजारांच्या आसपास मिळतो. मात्र ज्या जुन्या यंत्राला कंपनीकडून सुधारणा मिळणे थांबले आहे आणि ज्याच्यावर डब्ल्यूपीए२ हे संरक्षण नाही, ते मोफत मिळाले तरी वापरू नये. जुना असो वा नवा, प्रत्येक राउटरचा मूळ प्रशासकीय पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. दाराला कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवून ठेवण्याचा व्यवहार शहाण्या घरात होत नाही.

चौथा उपाय विजेचा, आणि वाशिमसारख्या जिल्ह्यात मी त्याला वेगाहूनही अधिक महत्त्व देईन. वीज जाते आणि नेमकी अर्ज भरण्याच्या अखेरच्या मुदतीला जाते, हा अनुभव ग्रामीण कुटुंबांना नवा नाही. घरचे डबे बहुधा बारा व्होल्टवर चालतात आणि दहा-पंधरा वॅटहून अधिक वीज घेत नाहीत. त्यांच्यासाठी हजार-दीड हजार रुपयांत मिळणारा लहान डीसी यूपीएस दोन-तीन तासांची तजवीज करू शकतो. अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घेतले म्हणजे झाले. पण येथे जोडणीची जात पाहिली पाहिजे. खऱ्या फायबरच्या जोडणीत कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत प्रकाश वाटून देणारे जे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागत नाही. केंद्राला आणि घराला विजेची सोय असेल, तर मधले सारे गाव अंधारात असतानाही जोडणी चालू राहते. ज्या जुन्या केबलच्या जाळ्यांत खांबावर किंवा कोणाच्या गच्चीवर विजेवर चालणारे स्विच बसवलेले असतात, तेथे गल्लीची वीज गेली की घरचा यूपीएस निरुपयोगी. म्हणून नवी जोडणी घेताना वेग किती, हे विचारण्याच्या आधी मधे वीज लागते का, हे विचारावे.

आता हिशेब मांडू. वीस मीटर चांगली केबल आणि तिचे जोड यांना पाच-सहाशे, डीसी यूपीएसला हजार-दीड हजार, आणि जुना राउटर नसल्यास नव्याला दीड हजार. म्हणजे सर्व मिळून तीन ते सुमारे साडेतीन हजार रुपये, आणि तेही एकदाच. शासनाने २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनला जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे हा खर्च अर्ध्या क्विंटलहून थोडा अधिक होतो, आणि बाजारात हमीभाव ज्या वर्षी मिळत नाही त्या वर्षी त्याहूनही अधिक. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नाही, हे मी जाणतो. आणि म्हणूनच ती चुकीच्या वस्तूवर जाऊ नये असा माझा आग्रह आहे. क्रमाने जाणाऱ्याला यांतील पहिली दोन-तीन कामे फुकटात साधतात, आणि पुष्कळदा तेथेच प्रश्न मिटतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. २०१६ च्या सप्टेंबरनंतर मोबाइलचा डेटा इतका स्वस्त झाला, की खेड्यातल्या घराला वेगळी जोडणी आणि तिचा हा सारा व्याप कशाला, असे कोणी विचारील. जेथे एक-दोनच माणसे राहतात आणि मोबाइलची रेंज चांगली आहे, तेथे हा आक्षेप मला मान्य आहे. अशा घराने फायबरच्या मागे लागू नये. परंतु जेथे दोन मुले शिकत आहेत, एक जण स्पर्धापरीक्षेची तयारी करतो आहे, आजोबा पुण्यातल्या नातवाशी बोलू इच्छितात आणि वडिलांना पीकविम्याची कागदपत्रे चढवायची आहेत, तेथे इंटरनेट एका माणसाच्या खिशात असणे म्हणजे इतरांनी त्याच्या येण्याची वाट पाहणे होय. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे दुःख आपण पाहिले: फोन वडिलांबरोबर शेतात गेला की वर्ग संपला; आणि एका फोनवर भाऊ-बहीण दोघे असले की माघार बहुधा बहिणीने घेतली. घराची जोडणी घरातील प्रत्येकाची असते, आणि तिच्या बाजूने मी देतो ते सर्वांत बळकट कारण हेच आहे.

तथापि सारा भार कुटुंबावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते आणि गाव दिवसचे दिवस बंद राहते, यावर गृहस्थाजवळ इलाज नाही. खोदण्यापूर्वी केबलवाल्यांना सूचना मिळावी म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची व्यवस्था सुरू केली. तिचा वापर प्रत्येक मक्तेदाराच्या करारनाम्यातच बंधनकारक करून जिल्हा परिषदेने आणि बांधकाम खात्याने तिचा अंमल पाहिला पाहिजे. तसेच ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी लागणारा किमान वेग २००४ साली २५६ केबीपीएस होता, तो पुढे ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस ठरला. दोन-तीन माणसे एकाच वेळी शिकत वा बोलत असलेल्या घराला तो अपुरा आहे, आणि ही व्याख्या वाढवण्याची मागणी ग्रामीण भागातूनच जोराने उठली पाहिजे.

परंतु माझी मुख्य मागणी याहून साधी आणि जिल्ह्याच्या आवाक्यातली आहे. शेतीच्या बाबतीत आपण एक गोष्ट फार पूर्वी ओळखली: बियाणे आणि खत बाजारात मिळते, पण कोणते, किती आणि केव्हा घालावे हे सांगणारा निःस्वार्थ माणूस बाजारात मिळत नाही. म्हणून १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ उभे राहिले, ज्याला आज डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. म्हणून १९७४ पासून देशभर कृषी विज्ञान केंद्रे निघाली, आणि त्यांतील एक आपल्या रिसोड तालुक्यात करडा येथे काम करीत आहे. घरगुती जोडणीच्या बाबतीत आज आपण पूर्वीच्या शेतकऱ्याच्या अवस्थेत आहोत: सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच आहे. ही अवस्था मोडण्यासाठी नवे खाते, नवी इमारत किंवा मोठी तरतूद लागत नाही. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तारतंत्री आणि इलेक्ट्रिशियन शिकून बाहेर पडतात. त्यांच्या पाठात केबल टाकणे, जोड तपासणे, वेग मोजणे आणि जुन्या राउटरची मांडणी करणे या चार गोष्टी घालाव्यात. प्रत्येक तालुक्यात त्यांतील काहींना ठरावीक, जाहीर केलेल्या दराने घरोघर तपासणीची मुभा द्यावी. ग्रामपंचायतीच्या फलकावर एक पानाचे मराठी मार्गदर्शन लावावे: कसे मोजावे, डबा कोठे ठेवावा, कोणती तार घ्यावी, तक्रार कोठे करावी. ज्यांना घरची जोडणी परवडतच नाही त्यांच्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेखाली किराणा दुकानातून वा वाचनालयातून अल्प दराचे वायफाय देता येते. त्याचा प्रारंभ प्रत्येक मोठ्या गावच्या वाचनालयापासून करावा.

यांतले काहीही दिल्लीच्या हुकुमाची वाट पाहत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी एक बैठक घ्यावी, एका तालुक्यात सहा महिने प्रयोग करावा, आधीचे आणि नंतरचे आकडे लोकांपुढे ठेवावेत. आणि तोपर्यंत प्रत्येक गृहस्थाने नव्या प्लॅनचे पैसे भरण्यापूर्वी एकदा तार जोडून वेग मोजावा, वहीत लिहून ठेवावा, आणि आपल्या शेजाऱ्यालाही ते करायला शिकवावे.